गोठ्यातील म्हैस आणि ट्रंकेतील कागद

‘विमा म्हणजे निव्वळ फसवणूक’ हा उद्गार अलीकडे आमच्या कानांवर वारंवार येऊ लागला आहे. निपाणीकडील तंबाखूच्या शिवारांत तो ऐकू येतो, बेळगावभोवतीच्या भातशेतीच्या गावांतही ऐकू येतो. बोलणारे बहुतेक गरीब व कष्टाळू लोक असतात. त्यांच्या गोठ्यातील गाय अथवा म्हैस दगावलेली असते, विम्याचा हप्ता त्यांनी मुकाट्याने भरलेला असतो, आणि कंपनीकडून पैशांऐवजी एक पत्र आलेले असते. ‘यापुढे जनावराचा विमा उतरणार नाही’ अशी प्रतिज्ञा करून कित्येकजण मोकळे झाले आहेत. म्हणून आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांच्या पॉलिसी आम्ही मागवून घेतल्या व बँकेतून निवृत्त झालेल्या एका जाणत्या गृहस्थांना शेजारी बसवून त्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून काढल्या. त्यांत जे आढळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शहरातील माणसाला हा विषय क्षुल्लक वाटेल. परंतु दोन एकर कोरडवाहू जमिनीवर ज्यांचे पोट आहे, त्यांच्या घरी मुलांच्या शाळेची फी, वाण्याची उधारी, म्हाताऱ्यांची औषधे हे सारे दूध संस्थेतून येणाऱ्या पैशांवर चालते. ऊस वा तंबाखूचा पैसा वर्षातून एकदाच येतो. दुधाचा पैसा थोडाथोडा येतो, परंतु येत राहतो, आणि बहुधा तो घरच्या बाईच्या हाती पडतो. चांगली दुभती म्हैस आज लाखाच्या घरात जाते. ती कर्जाशिवाय येत नाही, आणि ती मेली तरी कर्ज मरत नाही. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला एका गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, ती ऐकून राजाही संतापला होता. एकुलत्या जनावराचे मोल काय असते हे आमच्या लोकांना कोणी शिकवावयास नको.

एका भगिनीची हकीकत सांगतो. ती विधवा आहे, दोन मुली शिकत आहेत. बचत गटामार्फत कर्ज काढून तिने दुसऱ्या वेताची म्हैस घेतली. कर्जाबरोबर विमाही उतरविला गेला व म्हशीच्या कानात बिल्ला मारला गेला. सात-आठ महिन्यांनी कुंपणाच्या तारेत कान अडकून बिल्ला तुटून पडला. मुलीने तो उचलून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिला. पुढे पावसाळ्यात म्हशीला गोठ्यातच सर्पदंश झाला व पहाटेपूर्वी ती गेली. डॉक्टर आले, त्यांनी शवविच्छेदन केले, सर्पदंशाचा दाखला दिला. तरीही दोन महिन्यांनी इंग्रजी पत्र आले. ते घेऊन ती भगिनी आमच्याकडे आली तेव्हा एवढेच म्हणाली, “फादर, हप्ता भरून घेताना कोण काय बोललं नाही की. आता मेल्यावर न्हाई म्हणतात.” पत्रातील कारण एका ओळीचे होते. मृत जनावराच्या कानात विम्याचा बिल्ला आढळला नाही, सबब दावा मान्य करता येत नाही.

बिल्ला तर घरातच होता! तो पडल्याबरोबर कंपनीला अथवा डॉक्टरांना कळवून नवा बिल्ला मारून घ्यावयाचा असतो आणि नवा क्रमांक पॉलिसीवर चढवून घ्यावयाचा असतो, हे तिला कोणी सांगितले नव्हते. पॉलिसीत मात्र ते लिहिलेले होते. विमा कंपन्यांचे लोक आपसांत हा नियम फार थोडक्या शब्दांत सांगतात : बिल्ला नाही तर दावा नाही.

हे वाचून राग येतो, आणि तो यावा. तरीही कंपनीच्या बाजूने क्षणभर विचार केला पाहिजे. माणसाच्या मृत्यूचा दाखला ग्रामपंचायत देते, त्याचे नाव असते, शेजारी त्याला ओळखतात. काळ्या म्हशीला दुसऱ्या काळ्या म्हशीपासून वेगळे कसे ओळखावे? बेळगावच्या कचेरीत बसलेल्या माणसाला जी मेली ती विमा उतरविलेलीच हे कशावरून कळावे? त्याच्या दृष्टीने बिल्ला हेच जनावराचे नाव.

हा प्रश्न नवीन नाही. निर्गम ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात शेजाऱ्याकडे सांभाळावयास दिलेल्या जनावराविषयी नियमशास्त्र आहे. कोणी न पाहता जनावर मेले तर शपथेवर निकाल लागतो आणि भरपाई द्यावी लागत नाही, चोरीस गेले तर सांभाळणाऱ्याने भरून द्यावे लागते, आणि हिंस्र पशूने फाडले तर उरलेले अवशेष पुराव्यादाखल आणून दाखवावे लागतात, असा त्याचा आशय आहे. किती प्रकारचे नुकसान, कोणते भरावयाचे, कोणते नाही आणि पुरावा काय, हे सारे तेथे आलेले आहे. यहुदी रब्बींच्या तालमूद ग्रंथात गाढवे हाकणाऱ्या लोकांचा एक करार नमूद आहे. ज्याचे गाढव जाईल त्याला बाकीच्यांनी दुसरे घेऊन द्यावे, मात्र त्याच्या हयगयीमुळे गेले असेल तर द्यावे लागणार नाही. आजच्या पॉलिसीतील ‘हयगय’ हा शब्द इतका जुना आहे.

आता आम्ही वाचलेल्या कागदांकडे वळू. सर्वसाधारण पॉलिसी जनावराच्या मृत्यूबद्दल पैसे देते. अपघात, आग, वीज, पूर, सर्पदंश, आजारपण, शस्त्रक्रिया, बाळंतपण यांत आलेला मृत्यू तिच्यात येतो. उपचाराचा खर्च तिच्यात येत नाही. आमच्या ऐकण्यातील अर्ध्याअधिक तक्रारी येथेच उगम पावतात. गाय आजारी पडली, डॉक्टरांना तीन-चार हजार दिले, गाय बरी झाली, आणि बिले घेऊन माणूस कंपनीकडे गेला. दवाखान्याचा खर्च देणारा विमा माणसांसाठी असतो, हे त्याने शहरात पाहिलेले असते आणि गाईसाठीही तसेच असेल असे तो धरून चालतो. पुण्या-बंगळूरला नोकरीस असलेली आपली मुले हल्ली कुत्र्याचाही विमा उतरवितात. २०२० पासून काही खासगी कंपन्यांनी असे विमे पुढे आणले आहेत व त्यांपैकी काहींत उपचाराचा खर्च मिळतो. तेथेही अमुक आजार, अमुक वय, अमुक रक्कम अशा मर्यादा असतात, आणि म्हणून त्या सुशिक्षित घरांतही आपल्यासारख्याच तक्रारी ऐकू येतात. विमा कशाचा आहे हे न विचारता तो विकत घेण्याची खोड केवळ अडाण्यांची आहे असे कोणी समजू नये.

मृत्यूलाही अपवाद आहेत. पॉलिसी सुरू होण्यापूर्वी जडलेला आजार चालत नाही, आणि अनेक पॉलिसींत पहिल्या १५ दिवसांत जडलेल्या रोगाने आलेला मृत्यूही धरला जात नाही. मुद्दाम केलेली इजा, उपासमार, अंगापेक्षा अधिक ओझे, डॉक्टर सोडून भलत्याकडून करविलेला उपचार, यांमुळे जनावर गेले तर पैसे मिळत नाहीत. जनावर चोरीस गेले, हरवले अथवा गुपचूप विकले गेले तरी मिळत नाहीत. मुद्दाम मारून टाकलेल्या जनावराचे मिळत नाहीत, अपवाद एवढाच की असाध्य यातनांतून सोडविण्यासाठी मारणे आवश्यक आहे असे डॉक्टरांनी लिहून दिले असेल. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत अशा साथीच्या रोगांबाबत लस टोचल्याचा दाखला मागितला जातो. गावात सरकारी दवाखान्याचे लोक फुकट लस टोचावयास येतात तेव्हा ‘दूध कमी होते’ म्हणून जनावर मळ्यात लपवून ठेवणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

चोरीविषयी थोडे अधिक. आपल्या सरहद्दीवर जनावर रात्रीतून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते. निपाणी सोडून कोगनोळी ओलांडली की कागल, आणि मग शोध कोणत्या पोलिसाने घ्यावयाचा हाच वाद. चोरीचे संरक्षण हवे असेल तर ते मिळते का हे विमा घेतानाच विचारावयास हवे. पलीकडच्या बाजारातून जनावर आणताना वाटेत टेम्पोत काही झाले तर किती अंतरापर्यंतचा प्रवास धरला आहे, हेही कागदावर असते.

अपंगत्व ही दुसरी मोठी गैरसमजाची जागा. एका शेतकऱ्याची संकरित गाय कासदाहाने चारही सडांनी गेली. गाय जिवंत, खाणे चालू, दूध नाही. तो म्हणाला, “माझ्या लेखी ती मेलीच.” त्याचे म्हणणे खोटे नव्हे, परंतु पॉलिसीच्या लेखी ती जिवंत होती. जनावर कायमचे दूध देईनासे झाले अथवा कायमचे गाभण राहीनासे झाले, तर पैसे देणारे कलम असते. ते वेगळे असते आणि त्यासाठी थोडा अधिक हप्ता भरावा लागतो. मृत्यूच्या मानाने त्याची रक्कमही कमी असते, पुष्कळ पॉलिसींत विमा रकमेच्या ७५ टक्के. त्या शेतकऱ्याच्या पॉलिसीत ते कलम घेतलेलेच नव्हते. घेतले असते तर वर्षाला थोडेच रुपये अधिक पडले असते. एजंटाने विचारले नाही, त्यानेही विचारले नाही.

रकमेचेही तसेच. ८० हजारांना घेतलेल्या म्हशीवर ६० हजारांचा विमा लिहिलेला आम्ही पाहिला. किंमत डॉक्टर, मालक व कंपनीचा माणूस यांनी मिळून ठरवावयाची असते. त्या वेळी हप्ता कमी पडावा म्हणून मालकच कमी किंमत सांगतो, आणि पुढे ६० हजार मिळाले की २० हजार बुडविले म्हणून ओरडतो. उलट, एक लाखाची पॉलिसी असली आणि म्हैस मरतेसमयी म्हातारी व भाकड असली, तर कंपनी त्या वेळचा बाजारभाव पाहते आणि दोहोंपैकी जे कमी ते देते, असे कलम बहुतेक कागदांत आहे. शिवाय कर्ज असेल तर पैसा प्रथम बँकेकडे वळता होतो. जनावर मेल्यावर नवे जनावर येईल या आशेवर बसलेल्या घराला हे कळते तेव्हा दावा मंजूर होऊनही ते निराशच होते. तथापि यात अन्याय नाही. कर्ज फिटले हाही लाभच, परंतु तो हातात दिसत नाही.

२०२२ सालच्या पावसाळ्यात लम्पी चर्मरोगाने बेळगाव जिल्ह्यात फार जनावरे गेली. अंगभर गाठी आलेले बैल गोठ्यात बसले ते उठलेच नाहीत. त्या वेळी कर्नाटक शासनाने मृत गाईस २० हजार, बैलास ३० हजार व वासरास ५ हजार रुपये देण्याचे जाहीर केले. महाराष्ट्र शासनाने पलीकडे दुभत्या जनावरास ३० हजार, बैलास २५ हजार व वासरास १६ हजार अशी रक्कम ठेवली. एकाच ओढ्याचे पाणी पिणाऱ्या गाईंची किंमत सीमेच्या दगडाने बदलली, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झाली, आणि तीत कडवटपणाही होता. आम्हांस येथे निराळाच मुद्दा मांडावयाचा आहे. ही रक्कम शासनाची मदत होती. तिचा विम्याशी संबंध नव्हता. परंतु ‘त्या वेळी हप्ता न भरताही पैसे आले, मग आता भरूनही का नाहीत?’ असा हिशेब लोकांच्या मनात बसला आहे. मदत ही शासनाने दिली तर मिळते. विमा हा करार आहे, आणि करारातील पैसा मागण्याचा हक्क असतो. हक्क मागावयाचा तर अटीही पाळाव्या लागतात. त्या साथीत ज्यांच्या पॉलिसी चालू होत्या व ज्यांच्याकडे लसीचे दाखले होते, त्यांना मदतीखेरीज विम्याचा दावाही करता येत होता. कित्येकांनी तो केलाच नाही, कारण आपला विमा आहे हेच त्यांना आठवले नाही!

असे का व्हावे? आमच्या मते याचे मूळ जुने आहे. १९७८ साली सुरू झालेल्या व १९८० मध्ये देशभर पोहोचलेल्या एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमात गरिबांना म्हशीसाठी कर्ज व अनुदान मिळे, आणि विमा त्याबरोबर आपोआप येई. सही अथवा अंगठा एकाच वेळी सात-आठ कागदांवर होई. तेव्हापासून विमा म्हणजे कर्जाच्या फायलीतील एक कागद, तो बँकेचा, आपला नव्हे, ही समजूत घरोघरी रुजली. पुढे केंद्र शासनाने २००५-०६ मध्ये निवडक १०० जिल्ह्यांत पशुधन विमा योजना चालू केली, २०१४-१५ पासून ती राष्ट्रीय पशुधन अभियानात सामील करून सर्व जिल्ह्यांस लागू केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तिच्यात फेरफार केला. शेतकऱ्याने हप्त्याचा केवळ १५ टक्के भाग भरावयाचा, उरलेला केंद्र व राज्य यांनी ६० व ४० या प्रमाणात. मेंढ्या, शेळ्या व डुकरेही तीत येतात. समजा, म्हशीची किंमत ६० हजार व हप्त्याचा दर शेकडा ३ आहे. हप्ता १,८०० रुपये झाला. त्यांतील शेतकऱ्याचे २७०, केंद्राचे ९१८, राज्याचे ६१२. दर मुदतीप्रमाणे व भागाप्रमाणे बदलतो आणि योजनेचा पैसा सर्व वर्षभर उपलब्ध असतोच असे नाही, म्हणून सरकारी दवाखान्यात आधी चौकशी करावी. परंतु ६० हजारांच्या जनावरासाठी २७० रुपये ही रक्कम एखाद्या जत्रेतील खर्चाहून अधिक नाही. विमा नको म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा.

भाषेचा प्रश्न मात्र खरा आहे व तो आम्ही झाकून ठेवणार नाही. पॉलिसी इंग्रजीत, दवाखान्यातील अर्ज कानडीत, आणि शेतकरी मराठी. तिन्ही भाषा जाणणारा एजंट घाईत. कागद समजला नाही तर तो आपल्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवा असे म्हणण्यात कसलीही लाज नाही. दवाखान्यातील कानडी डॉक्टर अशा वेळी मोडक्यातोडक्या मराठीत मनापासून समजावून सांगतात, हा आमचा अनुभव आहे. कागदच हाती न देणे ही मात्र गंभीर गोष्ट होय. चोरीच्या विम्यासंबंधी भारत वॉच कंपनी विरुद्ध नॅशनल इन्शुरन्स कंपनी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली असा निर्णय दिला की, ज्या अपवादाच्या अटी विमा घेणाऱ्याला कळविल्याच गेल्या नाहीत, त्यांच्या आधाराने कंपनीस दावा नाकारता येत नाही. तो दुकानदाराचा खटला होता, पण तत्त्व गोठ्यालाही लागू पडावे असे आम्हांस वाटते. वर सांगितलेल्या भगिनीला एक पानी दाखला तेवढा मिळाला होता, अटींची पाने मिळालीच नव्हती. तिच्या वतीने आम्ही कंपनीच्या वरिष्ठांकडे जो अर्ज लिहून दिला आहे, त्यात हाच मुद्दा पहिला आहे. देव्हाऱ्यावरील तो बिल्ला, त्यावरील क्रमांक व शवविच्छेदनाचा अहवाल यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. उत्तर अजून यावयाचे आहे.

कंपन्यांची चूक असते तेव्हा ती चूकच म्हटली पाहिजे. दुसऱ्या एका घरी बिल्ल्यावरील क्रमांक व पॉलिसीवरील क्रमांक यांत एका आकड्याचा फरक होता. लिहिणाऱ्याने ६ चा ९ केला होता, आणि शिक्षा शेतकऱ्याला. विमा उतरवितेवेळी काढलेल्या छायाचित्रात बिल्ला स्पष्ट दिसत होता, म्हणून चार महिने खेटे घातल्यावर पैसे मिळाले. चार महिने! पशुधन अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांत दाव्यासाठी चारच कागद पुरेत असे म्हटले आहे : मृत्यूची सूचना, पॉलिसी, दाव्याचा अर्ज व शवविच्छेदनाचा अहवाल. ते मिळाल्यापासून १५ दिवसांत निकाल द्यावा, न दिल्यास दरसाल १२ टक्के चक्रवाढ व्याज द्यावे, असेही त्यांत आहे. हे व्याज मागणारा शेतकरी आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

दुसरी बाजूही निर्भीडपणे सांगितली पाहिजे. मेलेल्या बिनविम्याच्या जनावराच्या कानात दुसऱ्याचा बिल्ला अडकविणे, विकलेले जनावर मेले म्हणून दाखविणे, डॉक्टरांस चिरीमिरी देऊन दाखला मिळविणे, हे प्रकार आपल्या भागात घडतात व ते करणारे त्यास हुशारी म्हणतात. सातवी आज्ञा कंपनीचा पैसा म्हणून सूट देत नाही. त्या पैशांत शेजारणीचाही हप्ता आहे, आणि अशा एका लबाडीमुळे पुढच्या दहा प्रामाणिक माणसांकडे संशयाने पाहिले जाते. विधवेचा दावा अडतो तो अंशतः या हुशारांमुळे.

जनावर मेल्यावर पहिल्या काही तासांत काय करावे, हे घरातील सर्वांना ठाऊक हवे, कारण मालक बहुधा कामावर असतो. पॉलिसीवरील क्रमांकावर ताबडतोब फोन करावा व कोणाशी, किती वाजता बोललो हे वहीत लिहावे. दवाखान्याच्या डॉक्टरांस बोलवावे. रविवार असला तरी थांबू नये. बिल्ल्यासह डोके, कान व सर्व शरीर दिसेल अशी छायाचित्रे मोबाईलवर घ्यावीत. शवविच्छेदनापूर्वी पुरू नये, बिल्ला आपण होऊन काढू नये. आपल्याकडे दुर्गंधी सुटेल, शेजारी बोलतील म्हणून घाईने खड्डा खणण्याची पद्धत आहे, आणि तेवढ्यानेच चांगले दावे मातीत जातात. डॉक्टरांनी दुपारपर्यंत यावे म्हणून गावातील चार माणसांनी जाऊन त्यांना घेऊन यावे, हे अधिक बरे.

दावा नाकारला गेला तर कारण लेखी मागावे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज करावा आणि त्याची पोच ठेवावी. महिनाभरात उत्तर आले नाही अथवा पटले नाही, तर विमा लोकपाल आहे. कर्नाटकातील लोकांसाठी त्याची कचेरी बंगळूरला, कागल-कोल्हापूरकडील लोकांसाठी पुण्याला. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत तक्रार करावयाची असते, फी लागत नाही, वकील लागत नाही आणि लोकपालाने दिलेला निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरी वाट जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण जेथे राहतो तेथेच तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणास फी नाही, मुदत दोन वर्षांची. एकाच वेळी दोन्हीकडे जाता येत नाही. चावडीवर बसून कंपनीला शिव्या देण्यात ही वर्षे निघून जातात आणि नंतर कोणीही काही करू शकत नाही.

एक गोष्ट मनात आहे ती बोलून टाकतो. जर्मनीत फ्रीड्रिश राइफायझन या गृहस्थाने १८४९ साली फ्लामर्सफेल्ड गावी गरीब शेतकऱ्यांची मदत संस्था काढली, ती गुरे घेताना सावकार त्यांना नागवीत होते म्हणून. तो पंथाने प्रोटेस्टंट होता, परंतु त्याची पद्धत येशूसंघीय धर्मगुरू योहान हॉफमान यांनी छोटा नागपुरात आणली आणि १९०९ मध्ये रांचीकडील आदिवासींसाठी कॅथॉलिक सहकारी पतसंस्था उभारली. आपल्या मराठी बांधवांनीही वसईत १९१८ साली कॅथॉलिक सहकारी बँक काढली. या लोकांनी हिशेबाची वही देवळाच्या कामाइतकीच पवित्र मानली. आपल्या धर्मग्रामात पाऊणशे दुभती जनावरे असतील. बचत गटातील भगिनींनी एक वही घालून त्यात प्रत्येक जनावराचा बिल्ला क्रमांक, पॉलिसीची मुदत, लसीची तारीख एवढे जरी लिहून ठेवले, तरी पुष्कळ अनर्थ टळतील. दोघी भगिनींनी हे काम पत्करले आहे.

येत्या १७ जानेवारीस मठाधिपती संत अंतोनी यांचा सण आहे. त्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर देवळाच्या आवारात जनावरांना आशीर्वाद दिला जाईल. येताना जनावराबरोबर पॉलिसीचा कागदही आणावा. वर उल्लेखिलेले बँकेचे गृहस्थ व सरकारी दवाखान्याचे डॉक्टर उपस्थित राहतील. कानातील बिल्ला व कागदावरील क्रमांक पडताळून पाहिले जातील आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांस अटी मराठीत व कानडीत वाचून दाखविल्या जातील. ज्यांचा बिल्ला पडला आहे त्यांनी सणापर्यंत थांबू नये, उद्याच दवाखान्यात जावे.